भंगारातल्या एक्सलवर जुना पिकअप पुन्हा उभा करताना

जीपच्या चासीवर मागे हौदा बांधून केलेले पिकअप कोल्हापूर भागात अजून फिरतात. कधी गुळाच्या ढेपा घेऊन शाहू मार्केट यार्डात, कधी ओतकामाचे नग घेऊन शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये. या गाड्यांचं इंजिन दमायच्या आधी मागचा एक्सल दमतो. माणसं आणि थोडंफार सामान नेण्यासाठी बनलेल्या एक्सलवर ट्रकचं ओझं पडलं की दुसरं काय होणार? मग मालक दुसरा एक्सल शोधत भंगारवाल्याच्या दारात जातो, आणि तिथंच निम्मं काम बिघडतं.

भंगारातून लोखंड घ्यायचं आणि झिजणारं सगळं नवं घ्यायचं. हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच), एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), डिफरन्शियल केस (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर असतात ती), हब (चाक बसतं तो भाग) आणि एकाच गाडीतून निघालेली क्राऊन-पिनियनची जोडी (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) जुनी चालते. बेअरिंग, ऑइल सील, पिनियनचा नट, क्राऊनचे बोल्ट, यू-बोल्ट, व्हील सिलेंडर आणि ब्रेक होज यांना जुन्यात हात लावू नये. बेअरिंग 'हाताला चांगलं लागतंय' म्हणून ठेवलं की दोन महिन्यांनी सगळं परत उघडावं लागतं.

खाली दिलेली मापं मागे पत्र्याचं कव्हर आणि टोकाला टेपर हब (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीनं बसणारा) असलेल्या डाना ४४ पद्धतीच्या एक्सलची आहेत. जुन्या जीपमध्ये हाच प्रकार जास्त सापडतो. दुसरा एक्सल असेल तर कामाची रीत हीच, पण आकडे त्या एक्सलच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

आधी आजार ओळखा

आवाज मागून आला की डिफरन्शियल उघडायची घाई होते. थांबा. अॅक्सिलेटर दाबल्यावर शिट्टीसारखा 'ऊंऽऽ' येत असेल आणि पाय काढल्यावर जात असेल, तर क्राऊन-पिनियनची बैठक बिघडली आहे किंवा पिनियनचं बेअरिंग गेलं आहे. उलट, पाय काढल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा पिनियन ढिलं झालंय. सरळ रस्त्यावर काही नाही आणि वळताना कटकट, म्हणजे आतले छोटे गिअर किंवा त्यांचे थ्रस्ट वॉशर. गाडी डावी-उजवीकडे डोलवल्यावर घुमणारा आवाज कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग.

गाडी सुटताना आणि रिव्हर्स घेताना मागे एकदाच 'टक्' होत असेल, तर आधी तीन गोष्टी बघा: यू-बोल्ट ढिले आहेत का, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा क्रॉस खेळतोय का आणि टेपर हबची चावी झिजली आहे का. हबचा टेपर सैल असला की नेमका हाच 'टक्' येतो आणि लोक विनाकारण पिनियन काढून बसतात. शेवटी तेलाचा बोल्ट काढून थोडं तेल बाहेर घ्या. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. चमकी दिसली तर कुणीतरी झिजतंय, आणि कणीचे तुकडे आले तर दात तुटलाय.

भंगारात उभं राहून काय बघायचं

टेप, व्हर्नियर, खडू आणि बॅटरी खिशात असल्याशिवाय जाऊ नका. आपल्या जुन्या एक्सलची पाच मापं आधीच कागदावर लिहून न्या: एका हबच्या फ्लँजपासून दुसऱ्याच्या फ्लँजपर्यंतची रुंदी, दोन्ही स्प्रिंग-पॅडच्या (एक्सलवर स्प्रिंगचे पाटे टेकतात त्या बैठकांच्या) मध्यांमधलं अंतर, नळीचा बाहेरचा व्यास, पिनियन मध्यापासून किती बाजूला आहे ते आणि जॉइंटच्या क्रॉसचं माप. रुंदीत थोडा फरक निभावतो. पिनियन मात्र भलत्या बाजूला असेल तर जॉइंट तिरका पळतो, आणि तो फरक पाने फिरवून भरून निघत नाही.

चाकाचे बोल्ट बसतात म्हणून एक्सल घेणं हा हमखास खड्डा आहे. जिप्सीच्या आणि जुन्या जीपच्या चाकांना पाच बोल्ट आणि १३९.७ मि.मी. म्हणजे साडेपाच इंचाचं वर्तुळ, त्यामुळे चाक कसं छान बसतं! पण जिप्सी ही रिकामी असताना सुमारे एक टनाची गाडी. तिचा एक्सल तिच्या वजनासाठी केलेला आहे, हौद्यातल्या टनभर ओतीव मालासाठी नाही. अॅम्बॅसेडरसारख्या कारच्या एक्सलचंही तेच. शिवाय सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट नुसता फिरवत नाही, गाडीचं वजनही उचलतो. तो तुटला तर चाक, ड्रम आणि शाफ्टचा तुकडा सगळं एकत्र बाहेर निघून जातं. म्हणून आपल्या गाडीइतक्या किंवा तिच्याहून जड गाडीचाच एक्सल घ्यायचा.

गुणोत्तर, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे फिरतं ते, न उघडता मोजता येतं. एक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवा, एक चाक किंवा हब घट्ट धरून ठेवा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिनियनच्या यॉकवर (प्रोपेलर शाफ्ट जोडतात त्या तोंडावर) मारलेली खडूची खूण किती फेरे फिरली ते मोजा, तेच गुणोत्तर. एक चाक धरलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊन एकच फेरा फिरतो, म्हणून दोन. सव्वापाचच्या थोडं पुढे गेलं तर ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. पाचाच्या किंचित अलीकडे थांबलं तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८. पुढचा एक्सलही चालू असलेल्या फोर-व्हील गाडीत दोन्ही गुणोत्तरं एकच हवीत. ५.३८ पुढे आणि ४.८८ मागे म्हणजे दहा टक्क्यांचा फरक. कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारी गिअरची पेटी) त्यानं पिळवटून निघते.

फक्त क्राऊन-पिनियन घेऊन आपल्या केसवर चढवायचा विचार असेल तर ही गाठ लक्षात ठेवा: डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या गुणोत्तरांना एक केस, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरी. क्राऊन बसायच्या जागेची उंचीच वेगळी. तसंच शाफ्टच्या स्प्लाइनचं, म्हणजे टोकावरच्या उभ्या दात्यांचं. १०, १९ आणि ३० असे तिन्ही प्रकार आढळतात, आणि १९ चा शाफ्ट ३० च्या गिअरमध्ये जात नाही. म्हणून सुटे भाग जमवण्यापेक्षा हबपासून हबपर्यंत आख्खा एक्सल घेतलेला बरा. ओझं वाढतं, पण डोकेदुखी कमी होते.

वाकलेलं हौसिंग ओळखायची सोपी खूण: जादा भारानं मधला भाग खाली बसतो आणि चाकांचे माथे आत झुकतात. रिम लावलेले असतील तर दोन्ही रिमच्या कडांमधलं अंतर वर आणि खाली मोजा, मग पुढे आणि मागे मोजा. तीन मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर पुढच्या ढिगाकडे वळा. टायर जाग्यावर असतील तर आतली कड जास्त झिजलेली दिसतेच.

आता पूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कित्येक गाड्यांच्या डोक्यावरून गेलं, आणि त्यातल्या काही आजही भंगारात येतात. मागचं कव्हर उघडायला लावा. क्राऊनच्या दातांवर सरळ आडवी गंजाची रेघ दिसली तर एक्सल अर्धा पाण्यात उभा होता. मग बेअरिंगच्या कपमध्ये बॅटरी मारा. रोलर जिथे जिथे टेकून थांबले होते तिथे सारख्या अंतरानं बारीक काळ्या रेघा उमटलेल्या असतात, अगदी कंगव्यासारख्या. बेअरिंग तसंही बदलणार आहोत, पण दातांवर खड्डे पडले असतील तर त्या जोडीचा मोह सोडा.

बिल घ्या, त्यावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल चालत नाही. मोठा एक्सल लावला म्हणून आरसी बुकातली भारक्षमता वाढत नाही, हे मालकाला आधीच सांगा.

उतरवणं आणि उघडणं

पुढच्या चाकांना ओंडके, चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, विटांवर तर नाहीच. प्रोपेलर शाफ्टला खूण करून सोडा, ब्रेक पाइप सोडून त्याचं तोंड बंद करा, शॉकअॅब्सॉर्बर सोडा आणि मग यू-बोल्ट. एक्सल खाली घेताना ट्रॉली जॅक मधल्या गोळ्याखाली ठेवा आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस ठेवा, कारण पिनियनचं तोंड जड असतं आणि ते आपोआप खाली फिरतं.

टेपर हब काढताना जीव सांभाळा. कॉटर पिन काढा, नट पूर्ण काढू नका. तीन-चार आटे ढिला करून तसाच राहू द्या आणि हबच्या बोल्टांवर बसणारा जड पुलर लावा. पुलर ताणला की एक-दोन मिनिटं काहीच होत नाही, मग पुलरच्या डोक्यावर एक टोला आणि हब तोफेसारखा सुटतो. नट नसेल तर तो समोरच्याच्या गुडघ्यावर जातो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून हब काढू नका. तो धक्का सरळ आत थ्रस्ट ब्लॉकवर (दोन शाफ्टांमधल्या ठोकळ्यावर) आणि पलीकडच्या बेअरिंगवर बसतो.

कव्हर काढल्यावर काहीही सोडायच्या आधी जुनी बैठक नोंदवून ठेवा. डायल गेज दाताला लावून प्ले (दातांमधला मोकळा खेळ) मोजा, शेंदूर लावून दातांचा ठसा बघा. बेअरिंगच्या कॅपना पंचानं डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन टिंबं मारा, कारण कॅप त्याच हौसिंगवर चढवून बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली की गोल राहत नाहीत. प्रत्येक शिम (माप जुळवायला घालतात ती पातळ चकती) काढला की तिथल्या तिथे कागदात गुंडाळून बाजूचं नाव लिहा. केस हौसिंगमध्ये अडकून बसते. ती पसरवायला स्प्रेडर वापरत असाल तर अर्ध्या मि.मी.च्या पुढे हौसिंग ताणू नका, ते परत जाग्यावर येत नाही.

तपासणी आणि वेल्डिंग

सगळं डिझेलमध्ये धुऊन कोरडं करा. शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून फिरवा आणि डायल लावा. स्प्लाइनवर तिरका पीळ दिसला तर शाफ्ट भंगारातच परत जाऊ द्या. पीळ म्हणजे पोलाद एकदा ताणून बसलेलं आहे. शाफ्टला वेल्डिंग करून जोडणारे अजून भेटतात. कडक केलेल्या पोलादाला वेल्ड मारलं की शेजारची जागा ठिसूळ होते आणि बरोबर तिथूनच तुटते, तीही भरल्या गाडीत, घाटात. क्राऊनच्या तुटलेल्या दाताला भर घालणं त्याच माळेतलं.

मधल्या ओतीव भागात चीर असेल तर हौसिंग बाद. शंका असेल तर डाय पेनिट्रंट मारून बघा. तांबडा रंग, पुसणं, पांढरा थर आणि दहा मिनिटं थांबणं, एवढंच ते काम आहे. या शहरात ओतकाम तपासणाऱ्यांकडे हे साहित्य असतंच.

वेल्डिंग करायचं ते फक्त स्प्रिंग-पॅडचं, नळीवर. बेअरिंग, सील आणि शाफ्ट बाहेर असतानाच करा आणि अर्थची क्लिप वेल्डच्या शेजारी नळीलाच लावा. अर्थ हबला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणगीचे खड्डे पडतात. पॅडच्या जागेची गंज आणि रंग घासून काढा. आधी फक्त टॅक मारा.

टॅकवर थांबण्याचं कारण पिनियनचा कोन. एक्सल पाट्यांवर ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, हौद्यात नेहमीचं वजन टाका. रिकाम्या गाडीत मोजलेला कोन कामाचा नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर कोनमापक ठेवा. मोबाइलचं लेव्हल अॅपही इथे चालतं, कडा स्वच्छ हवी. समजा फ्लँज तीन अंश मागे झुकली आहे, तर पिनियनची फ्लँज तिला समांतर हवी. पाट्यांच्या गाडीत मात्र पिनियनचं नाक समांतरपेक्षा एक ते दोन अंश खाली ठेवावं, कारण जोर लावल्यावर पाटे पिळतात आणि नाक वर येतं. कोन चुकला तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि क्रॉस वरचेवर जातो.

कोन जुळला की पक्कं वेल्ड करा. एका दमात रेघ ओढायची नाही. एक इंचाचा टाका या पॅडला, एक त्या पॅडला, मग पुढची कड, मग मागची. मध्ये थांबा, हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. वेल्ड थंड होताना आकसते आणि नळीची टोकं त्या अंगाला ओढते. घाई केली तर भंगारातून सरळ आणलेलं हौसिंग आपणच वाकडं करतो. शेवटी उद्यमनगरातल्या एखाद्या लांब बेडच्या लेथवर दोन्ही टोकं एकदा तपासून घ्या.

पिनियन बसवणं

इथे वेळ घालवा, बाकी सगळीकडे वाचवा.

पिनियनच्या तोंडावर इलेक्ट्रिक पेनानं कोरलेला एक आकडा असतो: +२, ०, −३ असा. तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो. अधिक म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून तेवढं दूर हवं, म्हणजे शिम पातळ. उणे म्हणजे जवळ, शिम जाड. जुन्या पिनियनवर +२ होतं आणि नव्यावर −१ आहे, तर आतल्या बेअरिंगच्या कपमागच्या शिममध्ये तीन हजारांश इंच, म्हणजे ०.०७६ मि.मी. वाढवा. त्याच हौसिंगमध्ये तीच जोडी परत बसवत असाल तर जुनाच शिम ठेवून सुरुवात करा.

बेअरिंग हातोड्यानं ठोकू नका. तेलात १०० अंशांपर्यंत तापवा, आपोआप सरकून बसतं. मग सील न लावता यॉक चढवून नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळा. आता प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेला ताण: नव्या बेअरिंगना पिनियन फिरवायला २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर जोर लागला पाहिजे. इंच-पाउंडचा पाना नसेल तर यॉकवर दोरी गुंडाळा आणि स्प्रिंग काट्यानं ओढा. मध्यापासून दोरीपर्यंतची त्रिज्या चार सेंटिमीटर असेल तर फिरतं असताना काटा पावणेसहा ते साडेअकरा किलोच्या मध्ये दाखवेल. सुटायला लागणारा पहिला झटका धरू नका. जोर कमी लागत असेल तर बाहेरच्या बेअरिंगमागचा शिम पातळ करा, जास्त लागत असेल तर जाड. समाधान झालं की नट काढून सील बसवा, नवा नट लावा आणि पुन्हा आवळा.

क्राऊनचे दहा बोल्ट नवे, लॉकटाइट लावून, समोरासमोर करत ६० ते ८० न्यूटन-मीटर. केस आत, कॅप आपापल्या टिंबांप्रमाणे, ९५ ते १२० न्यूटन-मीटर. आता डायल गेजनं प्ले: ०.१० ते ०.२३ मि.मी. चार ठिकाणी मोजा. चारही आकड्यांत ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त तफावत असेल तर क्राऊनच्या मागे कचरा किंवा उठाव राहिलाय, काढून कानस मारा. प्ले कमी-जास्त करताना शिम एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला घाला म्हणजे एकूण जाडी बदलत नाही आणि बाजूच्या बेअरिंगचा ताण कायम राहतो.

मग शेंदूर. तेलात पातळ लापशीसारखा कालवा, हातमोजे घालून, कारण हा शेंदूर शिशाचा असतो. चार-पाच दातांना लावा, क्राऊनला लाकडी फळीनं अडवत पिनियन दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे आला तर उत्तम. दाताच्या माथ्यावर आला तर पिनियन लांब आहे, आतला शिम वाढवा. बुडाशी खोल गेला तर पिनियन फार जवळ आहे, शिम कमी करा. एका वेळी ०.०५ मि.मी.च बदला आणि प्रत्येक वेळी प्ले पुन्हा मोजा. तीन-चार वेळा पिनियन आत-बाहेर होणार हे धरूनच बसा. पहिल्याच ठशाला 'चालतंय की' म्हटलं तर ते वाक्य पुढे साठच्या वेगाला शिट्टी होऊन ऐकू येतं.

टोकं, ब्रेक, तेल

चाकाच्या बेअरिंगला ग्रीस हातानं रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. शाफ्टचा आत-बाहेर खेळ बॅकिंग प्लेटमागच्या शिमनी ०.०३ ते ०.१५ मि.मी.त आणा. टेपर आणि हबचं भोक पूर्ण कोरडं हवं, तेलाचं बोट लागलं तरी पुसा. चावी नवी. नट किमान २०० न्यूटन-मीटर. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीच नाही.

ड्रम लेथवर घेऊन गोल करा, पण ड्रमवर ओतलेल्या कमाल व्यासाच्या पुढे नको. नव्या एक्सलचे मागचे ब्रेक आधीपेक्षा मोठे असतील तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून लॉक होते. तसं झालं तर लहान बोअरचे व्हील सिलेंडर बघा. पाइप स्टीलचाच, तांब्याचा नको. मग सगळी हवा काढा.

तेल जीएल-५ दर्जाचं हायपॉइड (अशा क्राऊन-पिनियनच्या दातांसाठीचं), भरल्या गाडीला ८५डब्ल्यू-१४० चालतं. जीएल-४ टाकू नका, हायपॉइड दातांची घासण त्याला सोसत नाही. लेव्हलच्या भोकाच्या कडेपर्यंत भरा. आणि ब्रीदर (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) फुंकून बघा. तो चोंदला की गरम हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि दोष नव्या सीलला लागतो.

यू-बोल्ट नवे, गाडी चाकांवर उभी असताना, तिरक्या क्रमानं आवळा. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात बसलंय याची बोटानं खात्री करा. ते बाहेर राहिलं तर एक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

रस्त्यावर

पहिले वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी गाडी, कागलकडच्या सपाट रस्त्यावर, एकाच वेगाला चिकटून न राहता. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा. हब आणि पिनियनच्या नाकाजवळ हात लावा: कोमट ते गरम ठीक, पण हात टिकत नसेल तर प्रीलोड जास्त आहे, पुढे चालवू नका. परत येऊन हबचे नट आणि यू-बोल्ट आवळा. ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी निम्म्या भारानं पन्हाळ्याचा चढ चढवा आणि उतरताना गिअरवर उतरा, म्हणजे दाताच्या दोन्ही अंगांचा आवाज ऐकू येईल. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण भार नको, गगनबावड्याचा घाट तर नकोच. ५०० ला तेल गरम असतानाच सोडा. तळाला काळपट बारीक गाळ येणं साहजिक आहे. बोटात चोळल्यावर कण टोचले तर कव्हर परत उघडा.